गिअर बदलतानाची रिकामी जागा



नांदेड, हिंगोली आणि यवतमाळच्या वाटा जिथं मिळतात, तो आमचा वारंगा फाटा. इथं राहणाऱ्याला गाड्यांच्या आवाजाचं वेगळं शिक्षण लागत नाही. फाट्यावर थांबलेला ट्रक निघाला की अंथरुणात पडल्या पडल्या कळतं, दुसरा गिअर पडला, आता तिसरा. दोन गिअरच्या मधे इंजिन क्षणभर उसासा टाकतं. आजचा लेख त्या उसाशावर आहे.

माझा नातू पुण्याला मेकॅनिकल शिकतो. त्याला मी विचारलं, शर्यतीच्या गाड्या गिअर बदलताना असा उसासा का टाकत नाहीत? त्यानं फोनवर तासभर समजावलं. मी बी. ए. चा माणूस, पण शिक्षकाला समजलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही!

आपल्या साध्या गाडीत क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो. पुढचा गिअर वेगळ्या वेगानं फिरत असतो. पितळी कडी घासून दोघांचा वेग सारखा करते, मग दाते अडकतात. (जुन्या ट्रकांना ही कडी नसे, म्हणून ड्रायव्हर दोनदा क्लच मारत.) यात साधारण अर्धा सेकंद जातो. आता गणित करा. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. अर्ध्या सेकंदात गाडी २७-२८ मीटर जाते, तीही मागून कुणी ढकलत नसताना. समोरून वारा मात्र अडवतच असतो.

शर्यतीच्या गाडीत ती कडीच काढून टाकलेली असते. तिथं मोजकेच, जाड दाते असतात आणि त्यांच्यात मोकळी जागा ठेवलेली असते. ते थेट एकमेकांत घुसतात. नागमोडी खाचा असलेला एक दंडगोल एकेक घर फिरतो आणि प्रत्येक घराला एक गिअर पडतो. ही रचना तुमच्या दारातल्या मोटारसायकलमध्येही आहे! दाते सुटावेत म्हणून इंजिनाची ताकद निमिषभर तोडतात, त्यामुळे पायानं क्लच दाबावा लागत नाही. १९८९ साली फेरारीनं स्टिअरिंगमागच्या पट्ट्या ओढून गिअर बदलणारी गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरवली आणि नायजेल मॅन्सेलनं ब्राझीलची पहिलीच शर्यत जिंकली. आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिकही २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावला.

त्यानंतरची सुधारणा मला सर्वांत आवडली. मागचा गिअर पूर्ण सुटण्याआधीच पुढचा लागलेला असतो. पुढच्यानं ओझं उचललं की मागच्यावरचा ताण जातो आणि तो बाजूला होतो. मधली रिकामी जागा जवळजवळ शून्य. साध्या पेटीत असे दोन गिअर एकदम लागले तर पेटी फुटायची. इथं वेळ इतकी अचूक साधलेली असते की दोघांचं भांडण होत नाही.

हे ऐकताना मला माझी शाळा आठवली. गावातली शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल तीन मैलांवर. सातवीचा निकाल लागायचा, दाखला हातात पडायचा आणि मग दीड महिना पोर कुठल्याच शाळेची नसायची. मुलगे त्या काळात बैलांमागं लागत. मुलींचं काय होई, ते सांगायला नको. गणितात माझ्याही पुढं धावणारी एक मुलगी होती. पहिली आली आणि जूनमध्ये तिच्या मैत्रिणींनी सांगितलं, "गुरुजी, तिचं लगीन झालं." कुणी तिला शाळेतून काढलं नव्हतं. ती रिकाम्या जागेत गेली.

त्यानंतर आम्ही एप्रिलमध्येच सातवीची पोरं हायस्कूलला न्यायला लागलो. तिथले हेडमास्तर भले होते, वहीत पेन्सिलीनं नावं लिहून घेत. आठवी-नववीच्या मुलींशी ओळखी करून देत, म्हणजे जूनमध्ये सोबत चालायला कुणी असे. निकाल घेऊन घरी गेलेल्या मुलीला बाप विचारायचा, "आता काय?" तर ती सांगायची, "माझं नाव तिकडं लिवलंय." त्या पेन्सिलीच्या नावाला कायद्यानं काही किंमत नव्हती. तरी बऱ्याच बापांना ते खोडवलं नाही. सगळ्या वाचल्या असं म्हणणार नाही, पण त्यांतल्या दोघी पुढं शिक्षिका झाल्या.

२०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे, चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे. तरी कितीतरी गावांत शाळा अजून चौथी-पाचवीला नाहीतर सातवीला संपते, आणि उन्हाळा तेवढाच लांब असतो.

हे वाचणाऱ्यांत माझे काही जुने विद्यार्थी आता शिक्षक आहेत. त्यांना एवढंच सांगणं, निकालाची वाट पाहू नका. परीक्षा संपायच्या आत पोरांना पुढची शाळा दाखवून आणा.

असो. पुढचा लेख फाट्याच्या खिचडीवर, असं सूनबाईंना कबूल केलं आहे.