चोवीस घटकांची वाट

मुंबई आणि लंडन या दोन विमानतळांतील अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. हा आकडा भूगोलाच्या पुस्तकात शोभतो. ज्या घरातले कोणी तिकडे असते, त्या घरात तो कोणी उच्चारत नाही, तिथे तास मोजले जातात. जाताना साधारण साडेनऊ-दहा, येताना सुमारे तासभर कमी. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे येणाऱ्याला रेटतात, जाणाऱ्याला अडवतात. (आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी यातून जो अर्थ काढायचा तो केव्हाच काढला आहे.)

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर निम्मी वाट सीरियाच्या किनाऱ्यापाशी संपते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर तोच मध्य जॉर्जियातील तिबिलिसीच्या आसपास येतो. सरळ दिसते ते लांबचे आणि वाकडे दिसते तेच जवळचे! अर्थात विमान त्या दोऱ्यावरून जाईलच असे नाही. २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश बहुतांशी बंद होते, तेव्हा अनेक विमानांना वळसे पडले. अंतर तेवढेच राहिले, वाट मात्र लांबली.

आपल्या भाषेला हा भेद जुनाच ठाऊक आहे. ‘हाकेच्या अंतरावर’, ‘घटकाभराची वाट’, ‘मजल-दरमजल’ हे शब्दप्रयोग जमिनीचे माप सांगत नाहीत. ते चालणाऱ्याचे श्रम सांगतात, त्याचा आवाज कुठवर पोहोचतो ते सांगतात. घटका म्हणजे चोवीस मिनिटे, तेव्हा लंडनचा प्रवास सुमारे चोवीस घटकांचा. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा असे मुक्काम करीत १० जूनला लंडनला पोहोचले. त्या काळी ती गतीची परमावधी होती.

तथापि वेळापत्रकातले तास हे दोन धावपट्ट्यांमधले तास असतात, दोन उंबरठ्यांमधले नव्हेत. साताऱ्याला आमच्या घरी आई गेल्या, ती हिवाळ्यातली पहाट होती. लंडनमध्ये त्या वेळी मध्यरात्र उलटून गेली होती. नातवाला मिळू शकणारे पहिले विमान तिथल्या सकाळचे. ते मुंबईला उतरणार मध्यरात्रीनंतर आणि पुढे साताऱ्याचा रस्ता पाच तासांचा. आमच्याकडे देह रात्रभर ठेवण्याची रीत नाही. भावकीतली माणसे अंगणात थांबली होती आणि कोणी काही विचारीत नव्हते, हेच अधिक अवघड होते. अखेर त्यानेच फोनवर सांगितले, “माझ्यासाठी थांबू नका.” दुपारी तीनला संगम माहुलीच्या घाटावर अग्नी दिला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचला, अस्थी गोळा करायला होता. घाटावरून परतताना त्याने फक्त वेळ विचारली. आम्ही तीन म्हटले. त्याने मनातल्या मनात साडेपाच तास वजा केले आणि म्हणाला, “मी तपासणीच्या रांगेत होतो. बूट काढत होतो.”