उसाचं बिल आणि भरतीची वेळ

आमच्या भागात सुट्टीची तारीख शाळा ठरवत नाही, कारखाना ठरवतो. ऊस तुटून गेला, बिल जमा झालं, सोसायटीचं कर्ज वजा होऊन हातात काही उरलं, की घरात कोणीतरी समुद्राचं नाव काढतं. ऊस नियंत्रण आदेश 1966 सालचा. त्याप्रमाणे ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. ज्या वर्षी हे 14 दिवस 14च राहतात, त्या वर्षी अलिबाग. लांबले तर जेजुरी, आणि फारच लांबले तर कुठंच नाही.

माझं माहेर बारामती तालुक्यातलं, नीरा डाव्या कालव्याखालचं. आमच्याकडे पाणी म्हणजे पाळी. आवर्तन सुटलं की पाटकऱ्याच्या वहीत नाव बघायचं, रात्री-अपरात्री दारं धरायला जायचं, आणि वरच्या अंगाला कोणी पाणी मोडून घेतलं की भांडायचं. पाणी म्हणजे मागून, थांबून, मोजून मिळणारी गोष्ट, अशीच आमची समजूत होती. त्यामुळे नववीत असताना शाळेच्या सहलीतून पहिल्यांदा समुद्र पाहिला, तेव्हा सुंदर वगैरे काही वाटलं नाही. एवढं पाणी नुसतंच पडून आहे, याचा रागच आला. वर्गातल्या एकाने सरांना विचारलंही होतं, इथे किती एकर भिजेल म्हणून.

ती एसटीची लाल गाडी होती. शिदोरीला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. बोरघाट उतरेपर्यंत निम्म्या मुली उलट्या करून गळून गेल्या होत्या. अलिबागला पोहोचलो तेव्हा भरती होती. कुलाबा किल्ला समोर पाण्यात उभा. शिवाजी महाराजांनी 1680 साली बांधायला घेतला, कान्होजी आंग्र्यांनी गाजवला, हे सरांनी काठावरूनच सांगितलं. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, हेही तिथेच कळलं. सगळीकडून खारं पाणी आणि मधे गोडी विहीर, ही गोष्ट आम्हा कालव्याखालच्या पोरींना तोफांपेक्षा मोठी वाटली. ओहोटी होईपर्यंत थांबायला गाडीला वेळ नव्हता. मुरूडचा मुक्काम गाठायचा होता.

लग्न होऊन इंदापूर तालुक्यात आले, पळसदेवच्या बाजूला. इथे तर दारातच समुद्र. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या काठची गावं पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ अजून पाण्यात आहे. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की शिखराखालचं देऊळही उघडं पडतं, मग माणसं ते बघायला येतात. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगावला रोहित पक्षी उतरतात. ते बघायला पुण्याच्या गाड्या पहाटेच येतात, बोटीत बसतात आणि दुपारी चिलापी खाऊन परततात. म्हणजे पुणेकर सुट्टी काढून आमच्याकडे पाणी बघायला येतात, आणि आम्ही पुणे ओलांडून अलिबागला पाणी बघायला जायचं म्हणतो! सासरे, त्यांना घरात सगळे आबा म्हणतात, याच मुद्द्यावर दर वर्षी बेत मोडायचे. "पाणी बघायला एवढं लांब कशाला? आमचं गाव हाय की त्याच्याखाली." यावर कोण काय बोलणार?

शिवाय अडचणी होत्याच. सगळ्यात मोठी म्हणजे धारा कोण काढणार. आमच्या गोठ्यातल्या गायींना शनिवार-रविवार कळत नाही. सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध गेलंच पाहिजे. पुण्याची नणंद फोनवर म्हणायची, "वहिनी, सगळ्यांनी एकदमच निघू ना." तिला म्हणावंसं वाटायचं की बाई, तुमच्या कंपनीत सुट्टीचा अर्ज असतो, गायीला कुठला अर्ज करू? शेवटी शेजारच्या जावेशी वाटणी झाली. ती देवाला गेली की तिच्या गायी मी बघायच्या, आम्ही निघालो की आमच्या तिने. आमच्या दोन घरांच्या सुट्ट्या तेव्हापासून एकमेकींना बांधलेल्या आहेत. आणि ज्यांच्या कोयत्यामुळे ते बिल निघतं, त्या बीडकडच्या टोळीतल्या बाया थंडीत पहाटे फडात असतात, पोरं मोळीशेजारी. त्यांच्या सुट्टीचा बेत आमच्या कोणाच्याच बोलण्यात येत नाही, हेही लिहिलं पाहिजे.

आबा शेवटी आले ते नातवंडांच्या हट्टापायी. पुण्याहून द्रुतगती मार्गाने खोपोली, पुढे पेण, वडखळ, अलिबाग. आमच्यापासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसल्या तशी आबांनी गाडी थांबवायला लावली. अलिबागच्या या कांद्याला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. आबांनी कांदा हातात घेऊन दाबून पाहिला, भाव विचारला आणि आमच्या कांद्याला मिळालेला भाव आठवून गप्प झाले.

किनाऱ्यावर मात्र ते खुलले. समोर किल्ला, मधे पाणी. घोडागाडीवाल्याजवळ जाऊन त्यांनी सरळ विचारलं, "पाणी कधी सुटणार?" तो हसला नाही, नीट उत्तर दिलं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी चढतं खूप आणि ओसरतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ओहोटी असली तरी वाट धड उघडी पडत नाही. आबांना पंचांग पाठ. वहीत नाव नाही, पाटकरी नाही, कोणाची सही नाही, तरी पाणी वेळेवर येतं आणि वेळेवर जातं, हे त्यांना इतकं पटलं की संध्याकाळपर्यंत ते एकेक तिथी घेऊन हिशेब मांडत बसले होते.

त्यातूनच एक गोष्ट हाती आली. संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी, पौर्णिमेच्या उधाणानंतर लगेचची. म्हणजे संकष्टीला अलिबागला सकाळी नऊच्या आसपास ओहोटी असणार, आणि ती चांगली खोल. आणि किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे! आमच्या आत्याबाई दर संकष्टीला मोरगावच्या मोरेश्वराला जातात. समुद्राला त्यांचा ठाम नकार होता, आणि त्याला कारणही होतं. मे 2024 मध्ये कुगावहून आमच्या तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली, सहा जण गेले. तेव्हापासून बोटीचं नाव काढलेलं त्यांना चालत नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो 2020 पासून आहे, मुलांना तीच हवी होती. पण आमच्याकडून खोपोलीवरून जाणाऱ्याला तिची गरजच नाही. गणपतीला चालत जायचंय, पाण्यातून नव्हे, हे आबांनी पटवल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "उपासाचं तिकडं मिळतं का?" म्हणजे होकार.

म्हणून आपल्याकडून कोणी निघणार असेल तर एवढंच सांगते. हॉटेलचे फोटो नंतर बघा, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. मग तिथल्या लोकांना विचारून वेळ पक्की करा, कारण पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे. पाणी चढायच्या आत किल्ल्यातून परत निघा. संकष्टी शनिवार-रविवारी येत असेल तर ती सोडून पुढची धरा, गर्दी कमी मिळेल. आणि धारांची वाटणी निघायच्या आठवडाभर आधीच ठरवून ठेवा.