मोबाईल नंबर कुणाचा?

क्लास, ऑब्जेक्ट, इन्हेरिटन्स.. ज्या शब्दांवर आपण रोज पोट भरतो, त्यांच्यामागच्या माणसाबद्दल कॉलेजात कुणी चकार शब्द काढत नाही. क्रिस्टन निगार्ड, नॉर्वेचा. १९६० च्या दशकात ऑस्लोत त्याने आणि ओल-योहान डालने मिळून सिम्युला ही भाषा केली. पुढे स्ट्राउस्ट्रुपने सी++ मध्ये क्लास आणले ते तिथूनच. दोघांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, आणि २००२ मध्ये दोघंही गेले.

पण मला भावतो तो सिम्युलानंतरचा निगार्ड. कामाचं मॉडेल बनवण्यात, नियोजनात हा माणूस वाकबगार. आणि त्याच्या लक्षात आलं की ही हत्यारं जातात ती मालकाच्याच हातात. मग १९७१ पासून तो तिथल्या धातू कामगारांच्या युनियनबरोबर बसला. बसला म्हणजे जाडजूड रिपोर्ट देऊन मोकळा झाला नाही. कारखान्यातले कामगार स्वतः जे काही करतील तेच प्रोजेक्टचं फलित, अशी व्याख्याच त्यांनी बदलून टाकली! १९७५ मध्ये तिथे कामगार आणि मालक यांच्या संघटनांमध्ये देशपातळीवर करार झाला. कॉम्प्युटर सिस्टीम आणायची तर कामगारांना आधी, आणि समजेल अशा भाषेत सांगायचं. पुढे स्वीडन-डेन्मार्कमधल्या मंडळींनी 'युटोपिया' प्रकल्पात (१९८१-८५) छपाई कामगारांबरोबर चक्क खोक्यापुठ्ठ्याची यंत्रं केली. रिकामं खोकं, वर लिहिलं 'लेझर प्रिंटर'. नाही जमलं तर फेका, दुसरं घ्या.

ही खोक्यांची आयडिया आम्ही चौघं मित्र गेले काही महिने रविवारी वापरतोय. पुण्याजवळच्या एका गावात बायकांचा बचत गट आहे, चौदा जणींचा. त्यांना हिशेबाची वही मोबाईलवर हवी आहे. लॅपटॉप न्यायचा नाही असं आधीच ठरलं. जुन्या लग्नपत्रिका, त्यांची कोरी बाजू आणि स्केचपेन. एक पत्रिका म्हणजे एक स्क्रीन.

पहिली स्क्रीन नोंदणीची. नाव, मोबाईल नंबर, 'पुढे'. आमच्या लेखी सगळ्यात बिनडोक स्क्रीन. तिथेच अर्धा तास गेला.

"नंबर कुणाचा घालायचा दादा?" खजिनदार मावशी.

"तुमचा."

"माझा म्हंजे ह्यांचाच की."

म्हणजे हप्ता भरला की मेसेज नवऱ्याला. सगळ्या गप्प. मग कोपऱ्यातून एकजण हळूच म्हणाली, "मी घरात दीडशे सांगितलेत. भरते तीनशे." बाकीच्या हसल्या. ती हसली नाही. (हे तिला विचारून लिहितोय, आकडे बदललेत.)

ऑफिसात 'युजर' म्हणून जो कुणी असतो त्याला घर नसतं, नवरा नसतो, सासू नसते. आणि 'युजर'समोर मीही फक्त इंजिनियर असतो. इथे सतरंजीवर बसल्यावर ते जमेना. माझ्या बायकोने कार्ड घासलं की मेसेज माझ्या फोनवर येतो, ती माझी 'सोय' आहे. आणि माझ्या पहिल्या वर्षाच्या फीचे निम्मे पैसे आईने डाळीच्या डब्यातून काढले होते. बाबा दोन दिवस बोलले नव्हते तिच्याशी. त्या डब्यात एसेमेस बसवलेला असता तर मी आज इंजिनियर असतो का, माहीत नाही. आता हे रिक्वायरमेंट डॉक्युमेंटात कुठे लिहायचं?

आमच्यातल्या एकाला हे पटलं नाही. घरातल्या पैशाची माहिती लपवायला आपण मदत का करायची, असं त्याचं म्हणणं. अगदीच चूक नाही ते. खरं तर गटातली दुसरी एकजण म्हणाली, "आमच्या ह्यांना मेसेज गेलाच पाहिजे, नायतर रोज विचारत बसतात." म्हणजे मेसेज सरसकट बंद ठेवणं हासुद्धा आमचाच हुकूम झाला असता. माझं मत असं, की लपवायचं की सांगायचं हे तिने ठरवायचं, आणि तिने ठरवेपर्यंत सॉफ्टवेअरने तोंड मिटून बसायचं. वाद घालून शेवटी बायकांनीच पत्रिकेवर लिहून घेतलं: नंबर नसला तरी चालेल, मेसेज मागितला तरच जाईल, हिशेब खजिनदाराच्या फोनवर.

यावर खजिनदार मावशींच्या शेजारणीने विचारलं, "आन खजिनदार बदलली की फोन पण देणार का ही?"

या प्रश्नाला अजून उत्तर नाही. त्याची पत्रिका पुढच्या रविवारी. कोऱ्या पत्रिका मात्र संपत आल्यात, आणि लग्नसराई अजून लांब आहे. कुणाकडे जुन्या पडून असतील तर सांगा.