पसरणीचा घाट आणि साडेनऊचं अ‍ॅव्हरेज

पिकअपच्या अ‍ॅव्हरेजवर लिहा, पण आकडे कमी ठेवा, असं संपादकांनी फोनवर सांगितलं. जेवायला बोलवायचं आणि पानात काही वाढायचं नाही, अशातला हा प्रकार. तरी मी हो म्हटलं, कारण वाईचं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

आधी पुण्यात इंजिनं तपासण्यात बरीच वर्षं गेली. आता साताऱ्यापासून मिरजेपर्यंतचे गाडीमालक सल्ला विचारायला येतात. नव्वद टक्के लोकांचा प्रश्न एकच: "साहेब, हिनं अ‍ॅव्हरेज किती द्यायला पाहिजे?" यावर मी उलट चार प्रश्न विचारतो. माल किती, रस्ता कुठला, वेग किती, गाडी उभी किती वेळ? चौथ्या प्रश्नापर्यंत समोरच्याचा चेहरा पडलेला असतो. डॉक्टरकडे गोळी मागायला आलेल्या माणसाला तपासण्यांची यादी दिली तर त्याला राग येणारच.

वाईच्या मालकाकडे दोन पिकअप, एकाच महिन्यात घेतलेल्या. दोन्हींत अडीच लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, तेच टायर, तोच हौदा. एक गाडी हळदीची पोती घेऊन सांगलीच्या मार्केट यार्डात जाते. दुसरी सिमेंट, फरशी, हॉटेलांचा भाजीपाला महाबळेश्वरला चढवते. पहिली लिटरला चौदा देते, दुसरी साडेनऊ. मालकाचा निष्कर्ष तयार होता: दुसरीचा डायव्हर डिझेल काढतो. माझ्याकडून त्याला फक्त शिक्का हवा होता. "कंपनीचा आकडा तेवढा लिहून द्या, बाकीचं मी बघतो."

मी आकडा दिला नाही, हिशेब दिला. तो इथे थोडक्यात मांडतो. कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. वाईपासून पाचगणीपर्यंत पसरणीचा घाट सुमारे बारा किलोमीटरचा आणि चढ सहाशे मीटरच्या आसपास. भरलेली गाडी तीन टनांची. तीन टन सहाशे मीटर उचलायला साडेसतरा मेगाज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर डिझेलमध्ये छत्तीस मेगाज्यूल असतात खरे, पण त्यातले बरेच सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जातात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचं देणं चुकवून चाकापर्यंत दहाच्या आसपास पोचतात. म्हणजे नुसतं उचलण्यातच पावणेदोन लिटर गेले. टायरचं घर्षण आणि हवा यांचा अर्धा लिटर धरा. बारा किलोमीटरला सव्वादोन लिटर, म्हणजे घाटात ही गाडी लिटरला साडेपाचसुद्धा देत नाही. पुढे महाबळेश्वरपर्यंतच्या चढउतारांना दोन लिटर, रिकामं परतायला सव्वा. शिवाय सीझनमध्ये वेण्णा तलावापाशी गाड्यांची रांग लागते आणि हॉटेलच्या मागच्या दारी माल उतरेपर्यंत गाडी चालूच असते. असं इंजिन तासाला पाऊण लिटरच्या आतबाहेर पितं. पावणेदोन तासांचा सव्वा लिटर. सगळे मिळून पावणेसात लिटर, अंतर जाऊन-येऊन पासष्ट किलोमीटर. भागाकार करा. साडेनऊ येतं.

हळदवाल्या गाडीची गोष्ट वेगळी. सांगली वाईपेक्षा दीड-पावणेदोनशे मीटर खाली आहे. माल उतरणीला जातो, परत येताना बहुधा हौदा रिकामा. मधे पुणे-बंगळूर हायवेवर साठच्या एकसारख्या वेगाने टॉप गिअर. चौदा न आले तर नवल. महाबळेश्वरच्या गाडीचं नेमकं उलटं: भरून चढायचं, रिकामं उतरायचं. वर नेलेल्या सिमेंटला लागलेलं डिझेल उतरताना परत मिळत नाही. कराडहून कुंभार्ली उतरून चिपळूणला माल देणाऱ्यांना हे न सांगता कळतं. त्यांचं डिझेल जाताना वाचतं आणि येताना, रिकाम्या गाडीने का होईना, घाट वसूल करून घेतो.

मालकाने कागद वाचला. म्हणाला, "हिशेब बरोबर असंल साहेब, पण गाड्या दोन्ही एकच आहेत की." त्याआधीच डायव्हरच्या पगारातून डिझेलचे पैसे कापले होते आणि तो काम सोडून गेला होता. चोरी होतच नाही असं मी म्हणत नाही. नळी घालून टाकीतून डिझेल काढणारे महाभाग मी पाहिलेत. पण ती ओळखायची तर आधी गाडीचा प्रामाणिक खर्च माहीत पाहिजे.

आता तो कंपनीचा आकडा. गाडीची अधिकृत चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. पुण्यात वेताळ टेकडीजवळची, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था हे काम करते. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे गाडी वीसेक मिनिटं पळवतात, थांबवतात, पुन्हा पळवतात. वेगाची कमाल मर्यादा ताशी ९० किलोमीटर. गाडीचं वजन रिकाम्या वजनात दीडशे किलो मिळवून धरतात. म्हणजे मालवाहू गाडी, पण माल नाही. घाट नाही, वारा नाही, ताडपत्रीची फडफड नाही. ही चाचणी फसवी नाही, तिच्यावर मी पोट भरलंय. दोन गाड्या एकाच मोजपट्टीने मोजायच्या, एवढाच तिचा हेतू. तो आकडा घेऊन पसरणीत उभं राहणाऱ्याला प्रयोगशाळा काय करणार? आणि सरासरी इंधनखर्चाचे नियम २०१७ मध्ये आले ते प्रवासी मोटारींसाठी. पिकअपवाले तेव्हा बाहेरच राहिले.

वेगाबद्दल लोक ऐकतच नाहीत. हौद्यात टोमॅटोचे क्रेट केबिनच्या वर चढवले की गाडी भिंतीसारखी होते. साठवरून ऐंशीवर गेलं की हवेचा विरोध पावणेदोन पट होतो. कराड ते पेठ नाका या पट्ट्यात सात-आठ मिनिटं वाचतात आणि लिटरमागे तीन-चार किलोमीटर जातात. यावर उत्तर ठरलेलं: "पण मार्केटला भाव सकाळचा असतोय."

आता माझा आवडता वाद. उताराला गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं, हे आपल्याकडे बाप मुलाला शिकवतो. आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असेल आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला असेल, तर कॉम्प्युटर नोझल बंद करतो. डिझेल शून्य, चाकंच इंजिन फिरवतात. जुन्या पंपाच्या इंजिनातही गव्हर्नर हेच करायचा. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावं लागतं. पसरणी उतरायला पंचवीस मिनिटं धरली तर न्यूट्रलवर पाव लिटरहून थोडं जास्त जातं, गिअरमध्ये जवळजवळ काहीच नाही. एक गोष्ट मात्र मान्य करतो, कारण हुशार डायव्हर इथेच मला पकडतात. अगदी मंद, लांब उतारावर गिअरमध्ये गाडी रोखून धरली जाते आणि पुन्हा रेस द्यावी लागते; तिथे न्यूट्रलने थेंबभर वाचू शकतं. पण घाट म्हणजे मंद उतार नव्हे. आणि इंजिनच बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हा इंजिन बंद करून गाडी उताराला सोडल्याचं तपासात पुढे आलं होतं. हे सगळं सांगून झालं की कोणीतरी म्हणतं, "आमचा अनुभव वेगळा आहे." मी चहा मागवतो.

बाकी गैरसमज भराभर उरकतो. पहाटे डिझेल जास्त मिळत नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. बीएस-सहाच्या गाड्या जास्त पितात, ही तक्रार मात्र अगदीच खोटी नाही: सायलेन्सरमधल्या फिल्टरमधली काजळी जाळायला अधूनमधून जादा डिझेल लागतं, आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला ते जास्त वेळा लागतं. पेट्रोलवरच्या चार सिलिंडरच्या छोट्या गाड्यांना इथेनॉलचा फटका आहे. त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून वीस टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के घट येते. ज्याच्या उसाचं इथेनॉल होतं, त्याच्याच गाडीचं अ‍ॅव्हरेज पडतं. हे सांगितलं की सांगलीकर हसतात, पण कारखान्याच्या सभेत कोणी बोलत नाही.

मुळात किलोमीटर मोजून मालवाहू गाडीची परीक्षा घ्यायची, हेच मला पटत नाही. २००५ मध्ये आलेला दोन सिलिंडरचा छोटा हत्ती वीस देतो म्हणून लोक त्याचं कौतुक करतात आणि पिकअप तेरा देते म्हणून नाक मुरडतात. पाऊण टन माल वीस किलोमीटर म्हणजे लिटरला पंधरा टन-किलोमीटर. दीड टन माल तेरा किलोमीटर म्हणजे साडेएकोणीस. जास्त पिणारी गाडी पोत्यामागे स्वस्त पडते, अर्थात हौदा भरलेला असेल तर. अर्धा हौदा घेऊन तासगावहून मिरजेला जाणाऱ्याने छोटा हत्तीच घ्यावा.

ज्यांच्याकडे पिकअप आहे त्यांना एकच विनंती. डायव्हरच्या हाती एक वही द्या. फेरीगणिक किलोमीटर, मालाचं वजन, रस्ता आणि गाडी चालू ठेवून थांबलेला वेळ लिहायला सांगा. टाकी दर वेळी त्याच पंपावर, नोझलचा पहिला खटका पडेपर्यंत भरा. तीन महिने हे करा, एका टाकीवरून काही ठरवू नका. पगारातून डिझेल कापायचा विचार त्यानंतर करा.