पट्टी

माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीवर दोन वण आहेत. एक विळ्याचा, एक पत्र्याचा. पहिल्या जखमेला आजीने चिंधी बांधली, दुसरीला कारखान्यातल्या सिस्टरने पट्टी. परवा सिस्टर निवृत्त झाल्या आणि घरी आल्यावर मी बराच वेळ त्या बोटाकडे बघत बसलो.

विळा लागला तेव्हा मी आठ वर्षांचा असेन. बाजरीची सोंगणी चालली होती. मोठ्यांसारखी मूठ धरायची हौस, आणि दुसऱ्याच मुठीला बोट कापलं. आजीने बांधावरचा दगडी पाला तळहातावर चोळून त्याचा रस जखमेत पिळला आणि नेसत्या लुगड्याच्या पदराची पट्टी टर्रकन फाडली. बांधता बांधता कृष्णाच्या बोटाची आणि द्रौपदीच्या चिंधीची गोष्ट सांगितली. माझं रडं थांबलं. आजीकडे तेव्हा दोनच लुगडी होती, हे मला कळायला पुढे फार वर्षं गेली.

आमचं सुपा नगर-पुणे रस्त्यावरचं, पारनेर तालुक्यातलं. शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपे ते बारामतीकडचं, हे नव्हे. इथे पावसाचा भरवसा नाही. वडिलांच्या पिढीतली कितीतरी माणसं पोटासाठी मुंबईला गेली. आमच्या पिढीच्या नशिबाने एमआयडीसी दारात आली. डोंगरावर पवनचक्क्या फिरू लागल्या, खाली शेड उभ्या राहिल्या. आयटीआय करून मी त्यातल्याच एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून लागलो.

दुसऱ्याच आठवड्यात पत्र्याच्या धारेने बोट उघडलं. हातमोजा आधीच फाटलेला होता. मी पुसायचं तेलकट कापड बोटाला गुंडाळलं आणि लाइनवर उभा राहिलो. गेटवर अपघात न झालेल्या दिवसांचा फलक होता. तो आकडा आपल्यामुळे पुन्हा शून्यावर आला तर उद्या आत घेणार नाहीत, असं जुन्या पोरांनी पहिल्याच दिवशी कानात सांगितलं होतं. खरं-खोटं कुणी पडताळलं नव्हतं, भीती मात्र सगळ्यांना होती.

सिस्टर फेरीवर होत्या. त्या यंत्राकडे बघत नव्हत्या, आमच्या हातांकडे बघत होत्या. माझ्यासमोर थांबून म्हणाल्या, "हात दाखव." मी दाखवला. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या नुसतं "चल" म्हणाल्या.

दवाखान्याच्या खोलीत त्यांनी ते कापड पाण्याने भिजवून हळूहळू सोडवलं. साबणाच्या पाण्याने जखम धुतली. गॉजची घडी ठेवली आणि वरून पट्टी तिरपी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत नेली. बोटाचं टोक मात्र उघडं ठेवलं. मग माझं नख दाबलं. "बघ, पांढरं झालं. आता सोडते. झालं ना गुलाबी? म्हणजे रक्त पोहोचतंय. बोट बधिर झालं, नख निळं पडलं, तर पट्टी घट्ट झालीय समज. रात्रपाळी असली तरी यायचं." धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि रजिस्टर उघडलं.

"कोणती प्रेस? पत्रा उचलताना लागला की ठेवताना?"

मी म्हणालो, "सिस्टर, लिहू नका."

त्यांनी पेन थांबवलं. रजिस्टर माझ्याकडे फिरवून बोटाने दोन ओळी दाखवल्या. तीच प्रेस, तोच पत्रा, त्याच आठवड्यातली आणखी दोन बोटं. "तुझी ओळ नसेल तर चौथा येईल," म्हणाल्या. मग लिहिलं आणि माझ्याबरोबर प्रेसपर्यंत चालत आल्या. डायची धार गेली होती, त्यामुळे कापलेल्या कडेला बर, म्हणजे पत्र्याची धारदार कोर, राहत होती. सुपरवायझरशी त्या किती वेळ बोलल्या ते ऐकू आलं नाही. संध्याकाळी डाय उतरवून टूलरूममध्ये गेली आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला नवे हातमोजे मिळाले. मला मात्र लाइनवरून कुणी काढलं नाही.

निरोप समारंभात मला बोलायला सांगितलं होतं, म्हणून थोडं वाचलं. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारायच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घातली : तुम्ही काम काय करता? 1878 मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिचच्या मोहरीच्या कारखान्यात फिलिपा फ्लॉवरडे नावाची परिचारिका नेमली गेली. कारखान्यातलं काम आटोपलं की ती आजारी कामगारांच्या घरी जायची. हे वाचताना मला आमच्या सिस्टरच दिसत होत्या. माझी बायको बाळंत झाली तेव्हा त्या पाळी संपवून आमच्या खोलीवर आल्या होत्या, आणि त्या दिवशी नगरला जायची त्यांची बस चुकली होती.

माझं बोट कापलं तेव्हा आपल्याकडे 1948 चा कारखाने कायदा लागू होता. दर 150 कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी, 500 च्या वर कामगार असतील तर उपचारांसाठी वेगळी खोली. अपघातामुळे माणूस 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर सरकारला कळवावं लागायचं. माझं बोट या हिशेबात कुठेच बसत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी कामावर होतो. तरीही सिस्टरने ते लिहिलं. मला त्यांची थोरवी सांगायची तर हीच सांगेन.

आणखीही पुष्कळ आहे. दरवर्षीच्या तपासणीत कानाला हेडफोन लावून त्या बारीक आवाज ऐकवायच्या. आमच्यातल्या एकाला वरचे स्वर ऐकू येईनासे झाले, तेव्हा त्याला प्रेसवरून दुसरीकडे हलवेपर्यंत त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. कोरोनात महिनोन्महिने गेटवर उभ्या राहिल्या. तोंडावरच्या मास्कचे वळ घरी जातानाही गालावर असायचे.

समारंभात शाल, श्रीफळ, पैठणी झाली. माझी पाळी आली तेव्हा कागद हातात होता, पण शब्द फुटेना. मी तर्जनी वर केली. मागे बसलेल्या प्रेस शॉपच्या पोरांतून आणखी तीन-चार हात वर आले, कुणाचं बोट, कुणाचा अंगठा. सिस्टरने पदर डोळ्यांना लावला. मग उठल्या, नव्या सिस्टरला हाताला धरून आमच्याकडे घेऊन आल्या आणि एकेकाचं नाव, खातं, यंत्र सांगत गेल्या. एकही चुकल्या नाहीत.

आता मी कायम कामगार आहे, प्रथमोपचाराचं प्रशिक्षणही घेतलं आहे. काल दुसऱ्या पाळीला एक पोरगा हात पाठीमागे धरून उभा दिसला. श्रीगोंद्याकडचा, नवीनच आलेला. त्याला पेटीपाशी नेलं, जखम धुतली, पट्टी बांधली, टोक उघडं ठेवलं. नख दाबून सोडलं. गुलाबी व्हायला क्षणभर लागला.

"साहेब, लिहिणार का?" त्याने विचारलं.

"कोणती प्रेस?" मी म्हणालो आणि पेन उघडलं.