गोलरक्षक ते प्रशिक्षक : मीर रंजन नेगी

१९८२ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर आशियाई क्रीडास्पर्धेतील हॉकीचा अंतिम सामना झाला. पंतप्रधान इंदिरा गांधी प्रेक्षकांत होत्या. पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरवले. मैदानावर अकरा जण होते, झफर इक्बाल कर्णधार होते, संघाला मार्गदर्शकही होते. परंतु देशाने दोषी ठरवला तो एकच, गोलरक्षक मीर रंजन नेगी. पैसे घेऊन सामना विकल्याची अफवा उठली आणि पुराव्यावाचून ती खरी मानली गेली. भारतीय संघाचे दार त्यांना बंद झाले.

नेगी मूळचे अल्मोड्याचे, कस्टम्समधील नोकरीमुळे मुंबईचे. ते आपल्या समाजातले नव्हेत. तरीही सर्वांचे अपयश एकाच्या माथी मारायचे आणि त्याला बाजू मांडण्याची संधीही द्यायची नाही, ही रीत आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. गोलरक्षकापर्यंत पोहोचणारा चेंडू आधी दहा जणांना चुकवून आलेला असतो. खर्ड्याच्या किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्या मुलांना हे लवकर उमगते. १७९५ साली निजामाने या किल्ल्याचा आसरा घेतला, तेव्हा लढाई बाहेरच हरली गेली होती.

नेगी पुढे परतले, ते प्रशिक्षक म्हणून. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते भारतीय गोलरक्षकांना शिकवत होते. कर्णधार आपल्या खडकीचे धनराज पिल्ले. अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध निकाल टायब्रेकरवर गेला, म्हणजे सारा भार गोलरक्षक आशिष बल्लाळ यांच्यावर आला. त्यांनी तो पेलला आणि ३२ वर्षांनी सुवर्णपदक मिळाले. त्याआधीचे सुवर्ण १९६६ चे, तेही बँकॉकचेच. त्या संघाचे कर्णधार शंकर लक्ष्मण हे स्वतः गोलरक्षक होते, मराठा लाइट इन्फंट्रीचे सैनिक आणि बाबासाहेबांच्या जन्मगावचे, महूचे. भीमजयंतीला महूला जाणाऱ्या आपल्या किती बांधवांना हे नाव ठाऊक असेल?

२००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांनी इंग्लंडला हरवून सुवर्ण जिंकले. त्या संघाच्या प्रशिक्षकवर्गातही नेगी होते. २००७ च्या ‘चक दे! इंडिया’ने त्यांची कहाणी घरोघरी नेली. चित्रपटातील मुलींना हॉकी त्यांनीच शिकवली. मात्र पडद्यावर नायकाची एक पेनल्टी हुकते. नेगींना सात गोल सोसावे लागले होते, आणि माझ्या मते शिक्षक घडतो तो या सातांतून. पुढे सरसावून समोरच्याचा कोन लहान करणे हे तंत्र कोणीही सांगेल. चौथा गोल झाल्यावर पाचव्यासाठी पुन्हा उभे कसे राहायचे, हे तिथे उभा राहिलेलाच सांगू शकतो.

आपल्या वसतिगृहात सर्वांत लहान किंवा नव्याने आलेल्या मुलाला गोलमध्ये ढकलण्याची प्रथा जुनी आहे. माजी विद्यार्थी हसतील, पण ती त्यांनीच चालवली. गतवर्षी फुटबॉलच्या सामन्यात सातवीतल्या अशाच एका मुलावर सहा गोल झाले. रात्री तो जेवणाच्या पंगतीत शेवटी, एकटा बसला. दुसऱ्या दिवशी सरावाला मी त्याला त्याच जागी उभे केले, बचावफळीतले चौघे त्याच्यापुढे उभे केले आणि चेंडू मारायला स्वतः गेलो. पहिला चेंडू त्या चौघांतल्या एकाच्या पायांमधून गेला. ‘‘हा कोणाचा?’’ मी विचारले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने हात वर केला.