सर्व्हर डाऊन

जुलै २०२३. खरिपाचा पीक विमा त्या वर्षी पहिल्यांदाच १ रुपयात भरायचा होता. गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावात चुलतभावाचं सेवा केंद्र आहे. सकाळी सातपासून दारात रांग लागायची. कॉलेज सांभाळून मी तिथं फॉर्म भरायला बसायचो.

सातबारा, आधार, पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. एवढं अपलोड करायला एकेका माणसामागे अर्धा तास जायचा. स्क्रीनवर चक्र फिरत राहायचं आणि मी रांगेकडे बघून म्हणायचो, "सर्व्हर डाऊन हाय." यावर कुणी भांडत नाही. सर्व्हर कुठंतरी लांब असतो, त्याची कॉलर धरता येत नाही.

एक मावशी सलग दुसऱ्या दिवशी तशाच परत निघाल्या. खुरपणीचे दिवस होते. जाताना म्हणाल्या, "बाबा, उद्या बी रोज बुडवायचा का?"

त्या रात्री केंद्र रिकामं झाल्यावर तेच पोर्टल, त्याच वायफायवर, मोबाइलमध्ये उघडलं. लगेच उघडलं. शेजारी कॉम्प्युटरवर मात्र चक्र फिरतच होतं. मग दोष आपल्याच डब्यात असणार.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर बघितला. डिस्क १०० टक्के. मेमरी जवळपास पूर्ण भरलेली. एकूण रॅम ४ जीबी, आणि खाली लिहिलेलं: स्लॉट वापरात, २ पैकी १. आता दोन वर्षांपूर्वी दादानं ४ जीबीची दुसरी पट्टी टाकून घेतली होती. ती मशीनला दिसतच नव्हती.

रॅम म्हणजे आपल्या समोरचं टेबल. ते भरलं की विंडोज काही कागद हार्डडिस्कच्या कपाटात ठेवतं आणि लागले की परत काढून आणतं. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कवरून एखादी गोष्ट शोधून आणायला रॅमच्या तुलनेत साधारण लाखपट वेळ लागतो. ब्राउझरच्या आठ टॅब, स्कॅनर आणि अँटिव्हायरस चालू असलेलं आमचं मशीन दिवसभर कपाटाच्याच चकरा मारत होतं.

वायर काढली, कॅबिनेट उघडलं. आत रस्त्याची धूळ बोटभर. ब्रशनं ती झाडली, पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं खोडरबर फिरवलं आणि दोन्ही बाजूंचा 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून बसवली. चालू केलं. ८ जीबी. स्लॉट २ पैकी २. डिस्कचा आकडा खाली आला.

खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. हे पहिल्या दिवशीही करता आलं असतं. पण दोन शब्दांत सुटका होत असल्यावर कॅबिनेट कोण उघडतो?

सकाळी मावशी आल्या. सात-आठ मिनिटांत पावती त्यांच्या हातात होती. ती घडी घालून पिशवीत ठेवत त्यांनी विचारलं, "झाला का बाबा सर्व्हर नीट?"

मी "हो" म्हणालो. खोडरबर अजून टेबलावरच होतं.